माँटेसरी शाळा निवडताना पाटी नव्हे, वर्ग पाहा

‘माँटेसरी’ म्हणजे लहान मुलांनी साहित्य स्वतः हाताळत शिकण्याची पद्धत; पण हे नाव कोणतीही शाळा लावू शकते. म्हणून पणजी असो वा फोंडा, प्रवेशाआधी सकाळी तासभर चालू वर्गात शांत बसू द्या असे सांगा. नकार मिळाला तर दुसरी शाळा बघा.

३ ते ६ वर्षांची मुले एकाच वर्गात हवीत आणि सलग कामाचा वेळ जवळजवळ ३ तासांचा. दर अर्ध्या तासाला घंटा वाजत असेल तर मूल रमू लागताच उठवले जाते. खरी एकाग्रता बहुधा उशिराच येते.

गुलाबी मनोरा, म्हणजे एकावर एक रचायचे माँटेसरीचे गुलाबी ठोकळे, मोजा: १० ठोकळे, १ ते १० सेंटिमीटरचे. सर्वांत छोटा हमखास हरवतो. तो जागेवर असेल तर साहित्याची निगा राखली जाते असे समजा. साहित्य उघड्या, मुलाच्या हाताला येणाऱ्या फळीवर हवे. काचेच्या कपाटातले निव्वळ पालकांना दाखवण्यापुरते! शक्यतो जुलैत पुन्हा डोकवा, दमट हवेत सँडपेपरची (बोटाने गिरवायची, पाटीवर चिकटवलेली खरखरीत) अक्षरे सुटतात, लाकडाला बुरशी धरते.

शिकवणाऱ्या ताईंचे प्रशिक्षण कुठे, किती महिन्यांचे, हे थेट विचारा. घरी मराठी-कोंकणी बोलणाऱ्या मुलाशी त्या कोणत्या भाषेत बोलतात, हेही ऐका.