जीपीए काढताना क्रेडिट विसरू नका

गुणपत्रिकेवरचा जीपीए (ग्रेड पॉइंटची सरासरी) आणि घरी काढलेला जीपीए जुळत नसेल, तर बहुतेक वेळा चूक एकच असते: सगळ्या विषयांचे ग्रेड पॉइंट (प्रत्येक ग्रेडसाठी ठरलेला अंक) बेरजेला घेतले आणि विषयांच्या संख्येने भागले. जीपीए ही साधी सरासरी नाही. ज्या विषयाला क्रेडिट (विषयाचा भार दाखवणारा अंक) जास्त, त्याचं वजन जास्त.

दहाच्या मोजपट्टीवर एक सत्र घेऊ. गणित 4 क्रेडिट, पॉइंट 7. भौतिकशास्त्र 4 क्रेडिट, पॉइंट 8. भाषा 2 क्रेडिट, पॉइंट 9. प्रात्यक्षिक 1 क्रेडिट, पॉइंट 10. आता प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि पॉइंट गुणा:

4 × 7 = 28
4 × 8 = 32
2 × 9 = 18
1 × 10 = 10

बेरीज 88, एकूण क्रेडिट 11. भागाकार 8.00, हाच त्या सत्राचा एसजीपीए, म्हणजे एका सत्रापुरता जीपीए. साधी सरासरी काढली असती तर 8.50 आली असती, कारण एका क्रेडिटच्या प्रात्यक्षिकाला गणिताइतकाच मान मिळाला असता.

सीजीपीएत, म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांच्या एकत्रित जीपीएतही, हीच गफलत होते. दुसऱ्या सत्रात 22 क्रेडिट आणि एसजीपीए 6.50 असेल, तर 8.00 आणि 6.50 यांची सरासरी काढू नका. 22 × 6.50 = 143; त्यात आधीचे 88 मिळवले की 231; भागिले 33 क्रेडिट, म्हणजे 7.00. त्यामुळे दर सत्राला एसजीपीएबरोबर एकूण पॉइंट आणि एकूण क्रेडिटही टिपून ठेवा. दशांश शेवटच्या पायरीलाच दोन स्थळांपर्यंत आणा.

नापास विषयाचे पॉइंट सहसा 0 धरतात, पण त्याचे क्रेडिट भाजकात राहतात. वरच्या सत्रात गणित राहिलं असतं तर 60 ÷ 11 = 5.45. पुन्हा परीक्षा दिल्यावर जुनी ग्रेड पुसली जाते की दोन्ही मोजतात, हे संस्थेच्या नियमावलीत पाहा. फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शेरा मिळणारे विषय बहुधा हिशेबातच नसतात.

पुढचं लक्ष्यही याच रीतीने ठरवता येतं. तिसऱ्या सत्राचे 22 क्रेडिट धरून सीजीपीए 7.50 हवा असेल, तर 55 × 7.50 = 412.5 पॉइंट लागतील. हातात 231 आहेत, उरलेले 181.5 भागिले 22, म्हणजे त्या सत्रात 8.25 हवेत. जितकी सत्रं मागे पडतात, तितका सीजीपीए हलवणं जड जातं.

टक्केवारीचं सूत्र मात्र सगळीकडे सारखं नसतं. गुणपत्रिकेच्या मागे किंवा नियमावलीत दिलेलंच वापरा. दहाच्या पट्टीवरचा 8.00 हा 0.4 ने गुणून चारच्या पट्टीवर 3.20 म्हणून सांगणंही धोक्याचं, कारण दोन्हीकडे ग्रेडच्या पायऱ्या वेगळ्या असतात. अर्जात मूळ आकडा लिहा आणि शेजारी पट्टी किती अंकांची ते नोंदवा.