कंटेनरचे रिकामे, निव्वळ आणि एकूण वजन कसे काढावे

न्हावा शेव्याहून साखर पाठवताना प्रथम कंटेनरच्या दारावरील आकडे वाचावेत. तेथील ‘टेअर’ म्हणजे रिकाम्या कंटेनरचे वजन. मात्र दारावरचे ‘नेट’ हे कंटेनरमध्ये भरता येणाऱ्या मालाची कमाल मर्यादा सांगते, तर पॅकिंग लिस्टमधील ‘नेट’ हे पोत्यांशिवाय निव्वळ साखरेचे वजन असते. कागदपत्रांतील बराच घोळ येथेच होतो.

समजा, 50 किलोंची 500 पोती आहेत. निव्वळ वजन 25,000 किलो झाले. प्रत्येक रिकामे पोते 150 ग्रॅमचे धरल्यास 75 किलो वाढून मालाचे एकूण वजन 25,075 किलो होते. त्यात आधाराच्या फळ्या व कागद यांचे 25 किलो आणि कंटेनरचे 2,200 किलो मिळवले की 27,300 किलो हा आकडा मिळतो. 1 जुलै 2016 पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार हे पडताळलेले वजन, म्हणजे व्हीजीएम, कंटेनर जहाजावर चढण्यापूर्वी कळवणे माल पाठवणाऱ्यावर बंधनकारक आहे.

भरलेला कंटेनर ट्रेलरसह वजनकाट्यावर तोलल्यास ट्रेलरचे वजन वजा करावे आणि टाकीतील डिझेलही लक्षात घ्यावे, कारण 100 लिटर डिझेल सुमारे 83 किलो भरते.