जाड झिरकोनिया कोट प्लाझ्माने मारायचाय? आधी स्ट्रेसचा विचार करा

प्लाझ्मा गन, म्हणजे पावडर वितळवून पार्टवर फवारणारी गन, हाताशी असलेला माणूस झिरकोनियासारख्या सिरॅमिकचा ०.३ मिमी कोट बिनघोर मारतो. पण कस्टमर १ मिमी, १.५ मिमी मागायला लागला की तीच सेटिंग ठेवून नुसते पास (गनच्या फेऱ्या) वाढवायचे असा सरळ हिशोब केला जातो, आणि मग कोट गनखाली छान दिसतो पण जॉब (कोट मारलेला पार्ट) गार होताना कडेपासून टक् करून सुटतो. रबाळे, महापे, वागळे इस्टेट, कुठल्याही शॉपमध्ये जा, जाड कोटची तक्रार हीच असते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कारण साधं आहे. कोटमध्ये जो स्ट्रेस (आतला ताण) अडकून बसतो त्याची साठलेली ऊर्जा जाडीबरोबर वाढते, म्हणजे स्ट्रेस तेवढाच ठेवून जाडी दुप्पट केली की सोलून काढणारी ताकद पण दुप्पट, आणि स्ट्रेसच दुप्पट झाला तर चौपट. खाली धरून ठेवणारी पकड मात्र ०.३ ला जेवढी होती तेवढीच. त्यामुळे जाड कोट मारायचा म्हणजे खरं काम स्ट्रेस कमी ठेवण्याचं, जाडी आपोआप येते.

पहिल्यांदा कस्टमरला विचारा की एवढी जाडी हवीच कशाला. प्लाझ्माने मारलेल्या झिरकोनियाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साधारण १ वॅट प्रति मीटर केल्व्हिन धरा. दर चौरस मीटरला १ लाख वॅट उष्णता जात असेल तर १ मिमी कोटमध्ये १०० अंशांचा फरक पडतो. हा हिशोब कागदावर मांडला की कधीकधी अर्ध्या मिमीत काम भागतंय हे कस्टमरलाच कळतं. डिझेल इंजिनाचा पिस्टन क्राऊन (पिस्टनचा माथा), गॅस टर्बाईनच्या कम्बस्टरचे (इंधन जळतं त्या भागाचे) पत्रे, अशा ठिकाणी जाड कोटला खरा अर्थ आहे. आपल्याकडे उरणला गॅसवर चालणारं वीज केंद्र आहे, तसल्या मशीनचे गरम पार्ट डोळ्यासमोर आणा म्हणजे कुठल्या तापमानाबद्दल बोलतोय ते समजेल.

पावडर ७-८ टक्के यिट्रिया (यिट्रियमचं ऑक्साइड) घातलेली झिरकोनियाच घ्या. शुद्ध झिरकोनिया ११७० अंशाच्या आसपास आपली रचना बदलतो, गार होताना ४-५ टक्के फुगतो आणि कोटचा चुरा होतो, यिट्रिया ते थांबवतं. मॅग्नेशिया घातलेली स्वस्त पडते पण ९५० अंशाच्या पुढे टिकत नाही. यिट्रियावाल्या कोटला पण सतत १२०० च्या वर ठेवू नका. दाणा गोल आणि पोकळ असला तर वाहतो छान आणि वितळतो पण नीट.

आता निर्णय घ्यायचा, आणि तो गन पेटवायच्या आधी. जाड कोटचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे सच्छिद्र कोट, १५ ते २५ टक्के पोकळी ठेवायची म्हणजे कोट मऊ राहतो आणि ओढ सहन करतो, काहीजण पावडरमध्ये पॉलिएस्टर मिसळून नंतर ते जाळून टाकतात. दुसरा म्हणजे कोट घट्ट मारायचा पण त्यात मुद्दाम उभ्या चिरा पाडायच्या, उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तशा, म्हणजे गरम झाल्यावर प्रत्येक तुकडा आपापला हलतो. या दुसऱ्या पद्धतीचं अमेरिकन पेटंट १९९१ चं आहे, त्यात इंचाला निदान २० चिरा असं माप दिलंय. दोन्हीच्या सेटिंग एकमेकांच्या उलट आहेत, अर्धं हे अर्धं ते केलं तर घट्टही होतो आणि चिराही पडत नाहीत, तोच कोट सर्वात आधी उडतो. सुरुवात करणाऱ्याने सच्छिद्रच घ्यावा असं माझं स्पष्ट मत.

तयारीवर आपल्याकडे पावसाळ्यात जास्तच लक्ष द्यावं लागतं. खाडीची खारट दमट हवा, त्यात जूनपासून ओलावा, ब्लास्ट केलेल्या, म्हणजे ग्रिटचे दाणे मारून खडबडीत केलेल्या स्टीलवर बघता बघता गंज धरतो, म्हणून ब्लास्टिंग ते बॉन्ड कोट (सिरॅमिकच्या खालचा, पकड देणारा धातूचा थर) यात चहाला जायचं नाही. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी-तेल येतंय का ते पांढऱ्या कापडावर हवा सोडून बघा, डाग दिसला तर आधी ड्रायर-फिल्टर बघा, ब्लास्टिंग नंतर. २४ नंबरची ॲल्युमिना ग्रिट, थोडा तिरपा अँगल, कारण सरळ मारलं की ग्रिट आत रुतून बसते आणि तिथूनच कोट सुटतो. ब्लास्ट झालेल्या जागेला उघडा हात लावायचा नाही. धारदार कोपरे आधीच गोल करून घ्या, कोटच्या जाडीएवढा तरी रेडियस द्या, कडेला कोट एकदम थांबवू नका, उतरता काढा. पावडर ओव्हनमध्ये १२० अंशाला काही तास ठेवून गरम असतानाच फीडरमध्ये भरा, ओली पावडर झटके देत येते आणि आग कितीही चांगली असली तरी कोट पट्ट्यापट्ट्यांचा होतो.

बॉन्ड कोट निकेल-क्रोम-ॲल्युमिनियम-यिट्रियमचा, १०० ते १५० मायक्रॉन, आणि खडबडीत हवा. तो गुळगुळीत आला तर वरच्या जाड सिरॅमिकला, म्हणजे टॉप कोटला, धरायला काही नाही. काहीजण मध्ये धातू आणि सिरॅमिक मिसळून थर देतात, डिझेल पिस्टनला ते चालतं, पण जास्त तापणाऱ्या जॉबमध्ये त्या थरातला धातू ऑक्सिडाइज होऊन फुगतो, तिथे देऊ नका.

टॉप कोटला आर्गॉन-हायड्रोजनवर नेहमीची गन असेल तर ५५०-६०० अँपिअर, ६५-७० व्होल्ट, म्हणजे ४० किलोवॅटच्या आसपास, आर्गॉन मिनिटाला ४० लिटर, हायड्रोजन १० च्या आतबाहेर, अंतर १०० ते १२० मिमी इथून सुरुवात करा आणि नमुना तुकड्यावर बघून सेटिंग हलवा. जॉब आधी १५० अंशापर्यंत तापवा, मग एअर जेट लावून स्प्रे करताना २०० च्या आत धरून ठेवा. ॲल्युमिनियमचा पिस्टन असेल तर १५० च्या वर जाऊच देऊ नका, धातू मऊ पडतो, शिवाय तो झिरकोनियाच्या दुप्पट पसरतो. एका पासला २० मायक्रॉन धरले तर दीड मिमीला ७५ पास लागतात, घाई करून ५० मायक्रॉनचे पास मारले की आतला थर तापत जातो आणि स्ट्रेस आपल्या हातात राहत नाही. एअर जेटचं दुसरं काम म्हणजे उडालेली अर्धवट पावडर पुसून काढणं, ती दोन पासमध्ये अडकली की तिथे कच्चा थर तयार होतो आणि कोट नेमका त्या रेषेवर फाटतो.

उभ्या चिरांच्या रस्त्याला उलट करायचं, अंतर ७० मिमीपर्यंत आणायचं, जॉब ५०० च्या पुढे तापवायचा, पास जाड मारायचे, हवा बंद. जॉबचा धातू तेवढं तापमान सोसणारा असेल तरच याच्या वाटेला जा.

जॉबशेजारी फिक्स्चरवर दीड मिमी जाडीची, वीतभर लांब स्टीलची पट्टी लावा आणि तिच्यावरही सोबतच कोट मारा. गार झाल्यावर पट्टी कोटच्या बाजूला आत वळली तर कोटमध्ये ओढ आहे, बाहेर फुगली तर दाब आहे. खूप वळली तर सेटिंग बदला, जवळपास सरळ राहिली तर तुमचं जमलंय. महागड्या मशीनशिवाय स्ट्रेस दाखवणारी ही एकच गोष्ट शॉपमध्ये मिळते, कृपया टाळू नका.

कोट एका बैठकीत पूर्ण करा. मध्येच लाइट गेली तर जॉब झाकून हळू गार होऊ द्या, परत सुरू करताना धूळ झाडून पुन्हा तापवूनच गन फिरवा. शेवटच्या पासनंतर जॉबवर हवा मारून गार करायची नाही. डोळ्याला गडद काच, कानात प्लग, एक्झॉस्ट चालू आणि हायड्रोजनची लाइन दर सकाळी साबणाच्या पाण्याने तपासायची, यात कसलीही सूट नाही.

तपासणीला नमुना तुकडा कापून पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघा, आडवी चीर दिसली तर जॉब पाठवू नका, उभ्या चालतात. कोटवर गोंदाने तुकडा चिकटवून, ओढून पकड बघायची एएसटीएम सी-६३३ टेस्ट करणार असाल तर नमुन्यावरचा कोट ०.३८ मिमीच्या वरच हवा, नाहीतर गोंद पोकळीतून खालपर्यंत झिरपतो आणि आकडा खोटा चांगला येतो. माप आणायला घासायचं असेल तर डायमंड व्हील वापरा, कट अगदी हलका घ्या. सच्छिद्र कोटमध्ये कूलंट मुरतो, तेव्हा डिलिव्हरीआधी जॉब ओव्हनमध्ये सावकाश वाढत्या तापमानाला पूर्ण सुकवा, थेट गरम केला तर आतली वाफ कोट उचलते.