जत्रेची आतषबाजी आणि अवकाळी पाऊस

कार्तिकातल्या जत्रेवर अवकाळीचं सावट असलं, तरी मी आतषबाजी लगेच रद्द करत नाही. पाऊस परवडतो, वारा नाही. देवळामागच्या माळावर मी मूठभर राख उधळून बघतो; ती लोकांकडे गेली तर लोक हलवायचे, किंवा वारा बदलेपर्यंत थांबायचं. गोळ्यांचे, म्हणजे आकाशात जाऊन फुटणाऱ्या बारांचे, नळे वाळूत गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर फॉइल घट्ट लावा. गोळा ती फाडून वर जातो. वातींवर शेवटपर्यंत ताडपत्री हवीच. तीन इंची गोळा साधारण ९० मीटरवर फुटतो. ढग त्याहून खाली असतील तर नुसता उजेड दिसेल. वीज कडाडली की कार्यक्रम बंद, चर्चा नको. न उडालेल्या नळ्यात कोणीही डोकावायचं नाही. अर्ध्या तासाने परवानाधारक माणसानेच त्यात पाणी ओतायचं. भिजलेला माल चुलीपाशी वाळवू नका. आणि पावसामुळे कितीही उशीर झाला, तरी रात्री १० नंतर एकही बार नाही.