गॅरेजचं शटर तापतंय? उन्हाळ्याच्या आधी एवढं करून घ्या

कोल्हापुरात रुईकर कॉलनी, नागाळा पार्क, कळंबा, कुठंही बघा, बंगल्याच्या खाली गॅरेज आणि त्याला लोखंडी पत्र्याचं शटर. गॅरेजात गाडी असतीच असं नाही, कुणाची ट्युशन चालती, कुणाचं शिलाई मशीन, कुणाचं वर्क फ्रॉम होम. वर बेडरूम. मार्च संपत आला की दुपारी ते शटर असं तापतं की हात लावायची सोय नाही, आणि ती धग शेजारच्या हॉलमध्ये नि वरच्या स्लॅबला जाती, मग एसी रात्रभर ओढत बसतो.

यूट्यूबवर गॅरेज डोअर इन्सुलेशनचे ढीगभर व्हिडिओ आहेत पण ते बहुतेक अमेरिकेतले, त्यांचं दार वेगळं, मोठमोठे पॅनेल असलेलं, आणि त्यांना थंडी अडवायची असती. आपल्याला ऊन अडवायचंय. त्यामुळं त्यांचं बघून थेट फोमशीट आणायला लक्ष्मीपुरीत पळू नका, आधी जरा बघा.

पहिलं म्हणजे दाराचं तोंड कुठं आहे. आपल्याकडं मे महिन्यात बारा-साडेबाराला सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळं दक्षिणेच्या दाराला भर उन्हाळ्यात फारसं ऊन लागतच नाही, तिथं पैसे घालू नका, तेच पैसे गच्चीला पांढरा रंग मारायला वापरा. पश्चिमेचं दार मात्र दुपारी दोनपासनं दिवस मावळेपर्यंत भाजतं, कारण ऊन तिरपं होऊन सरळ पत्र्यावर येतं. पूर्वेचं सकाळी तापतं, पण तोवर घर गार असतं, चालून जातं.

दुसरं, गॅरेजात किंवा त्याला लागून असलेल्या खोलीत एसी किंवा कूलर आहे का? नसेल तर दाराला काहीही लावा, खोली बरी वाटेल पण बिल एक रुपयानं पण कमी होणार नाही. उगाच कुणी 'बिल निम्मं होतंय' म्हणून गळ्यात मारत असेल तर हात जोडा.

आता काम. सगळ्यात आधी बाहेरनं. पत्र्यावर ऊन पडूच दिलं नाही तर अर्धी लढाई तिथंच संपती, कारण पत्रा एकदा तापला की आतनं काही लावून धग कमी होती, थांबत नाही. शटरच्या बाहेर फूटभर अंतर सोडून बांबूची चीक (काड्यांचा पडदा) नाहीतर हिरवी शेडनेट वरनं सोडा, दुपारी खाली, संध्याकाळी वर. पत्र्याला चिकटून लावू नका, मधनं वारा खेळला पाहिजे. आणि शटरचा रंग. आपल्याकडं चॉकलेटी नाहीतर गडद निळा मारायची पद्धत आहे, मळत नाही म्हणून, पण गडद रंग ऊन पितो. रेडऑक्साईडचा हात देऊन वर पांढरा ऑइल पेंट मारा. चंदेरी मारू का असं बरेचजण विचारतात, नको, चंदेरी रंग चमकतो खरा पण आत शिरलेली उष्णता बाहेर टाकायला लय कंजूस, पांढरा त्याच्यापेक्षा गार राहतो.

मग फटी. दुपारी शटर ओढून आत अंधारात उभं रहा. खालनं उजेडाची रेघ दिसंल, शटर ज्यात सरकतं त्या दोन्ही बाजूच्या गाईडमधनं दिसंल, आणि वर जिथं शटर गुंडाळतं तिथं तर हाताचा पंजा जाईल एवढी जागा असती. एसी लावला की गार हवा खालच्या फटीतनं जाती आणि वरनं गरम आत येती. खाली बॉटमपट्टीला रबर मारून घ्या, सेल्फ स्क्रूनं बसतं, गाईडला ब्रशची पट्टी मिळती, आणि वरच्या गुंडाळीला पत्र्याचा डबा नसेल तर उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेटरकडनं करून घ्या. डबा गुंडाळीला घासणार नाही एवढा मोठा सांगा. या कामानं फरक चांगला पडतो, पण दिसत काही नाही म्हणून लोक करत नाहीत.

आता शीट. इथं नीट ऐका: गुंडाळणाऱ्या शटरला आतनं कुठलीच जाड शीट चिकटवायची नाही. पट्ट्या एकमेकांत अडकून वळतात, त्यावर इंचभर फोम लावला तर गुंडाळी फुगणार, शटर डब्यात बसणार नाही, नाहीतर फोमच सोलून निघणार. रोलिंग शटरला आतनं पडदा करायचा. एका बाजूला चांदी (चकचकीत फॉइल) असलेला फोम रोलवर मिळतो, तो शटरपासनं दोन-तीन इंच आत वरच्या पाइपवर अडकवा, चांदीची बाजू शटरकडं. मधली पोकळ जागा मुद्दाम ठेवायची, चांदी पत्र्याला टेकली की तिचा उपयोग संपला, ती समोरनं येणारी धग परत फेकती, टेकून आलेली नाही.

तुमचं दार दोन फळ्यांचं असेल, अँगलची चौकट आणि बाहेरनं पत्रा, तर मग नाद खुळा काम होतं. आतनं चौकटीत आयते खण असतात. इंचभर जाडीचा थर्माकोल घ्या, शीट मीटर बाय अर्धा मीटरची येती, खणाच्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी कापा म्हणजे दाबून बसती. गंजलेल्या ब्लेडनं कापू नका, सगळ्या घरात मणी होतात, नवं कटर ब्लेड आणि लोखंडी पट्टी. चिकटवायला फर्निचरवाले वापरतात ते पिवळं रबर सोल्युशन चालत नाही, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, लावल्या लावल्या खड्डे पडायला लागतात. पीयू फोमचा (फवारला की फुगून चिकटणारा) कॅन किंवा दोन्हीकडनं चिकटणारी फोमटेप वापरा. पैसे असतील तर थर्माकोलऐवजी एक्सपीएस, म्हणजे त्याच जातीची दुसरी फोमशीट घ्या, तो घट्ट असतो, पाणी धरत नाही आणि तेवढ्याच जाडीत जरा जास्त अडवतो.

वरनं झाकण पाहिजेच, उघडा थर्माकोल उंदीर ठेवत नाहीत. पण प्लायचं वजन बघा. आठ बाय सात फुटाच्या दाराला थर्माकोल दोन किलोच्या आसपास भरतो आणि सहा एमएमचा प्लाय जवळपास वीस किलो. जुन्या बिजागऱ्या तेवढ्यानं बसतात आणि दार फरशीला घासायला लागतं. पीव्हीसीचं पॅनेल हलकं, तेच लावा. आणि दाराला वेल्डिंगचं काही राहिलं असेल तर ते आधी उरकून घ्या, थर्माकोल बसल्यावर तिथं ठिणगी नको, तो पेटतो आणि धूर लय घाण असतो.

ग्लासवूल (काचेच्या धाग्यांचा कापूस) स्वस्तात मिळतंय म्हणून आणू नका. आपला पाऊस आणि दमट हवा, ते एकदा भिजलं की वाळत नाही, आतनं पत्रा गंजतो. शाहूपुरी, कुंभार गल्लीकडच्यांना २०१९ आणि २०२१ चा पूर काही सांगायला नको, तिकडं तर खालच्या दोन-तीन फुटात काढता येईल असाच तुकडा बसवा.

एक गोष्ट मात्र बंद करायची नाही, ती म्हणजे झरोका. गॅरेजात गाडी असेल तर इंजिन चालू ठेवून दार लावायचं नाहीच, पण सिलिंडर ठेवलेला असेल तर खालची जाळी उघडी पाहिजे, घरगुती गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीला साचतो. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी असेल तर वरची जाळी, चार्जिंगला निघणारा हायड्रोजन वर जातो. दोन्ही असतील तर दोन्ही जाळ्या, आणि खरं तर सिलिंडर नि बॅटरी एका खोलीत नकोच. मग घराकडं उघडणारं आतलं दार आहे ना, त्याला कडेनं रबर बिडिंग मारा, म्हणजे गॅरेजला हवा राहती आणि घराची गार हवा घरात राहती.

फरक पडला का बघायला कोविडातली कपाळावर धरून ताप मोजायची बंदूक काढू नका, तापाच्या मोडवर ती बहुतेक बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर आकडाच दाखवत नाही. हाताची पालथी बाजू दाराच्या आतनं लावून बघा, दुपारी चारला. आणि मग एसी चोवीसऐवजी सव्वीसवर ठेवून पंखा लावा, बीईई म्हणजे केंद्र सरकारची वीजबचतीची संस्था, तिच्या हिशोबानं एक डिग्री वाढवली की एसीची वीज साधारण सहा टक्के वाचती. महावितरणच्या बिलात शंभर, तीनशे, पाचशे असे टप्पे आहेत, वाचलेलं युनिट तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. बिल बघताना रुपये बघू नका, दर बदलत राहतात, त्यावर मागच्या महिन्यांच्या युनिटचा आलेख छापलेला असतो, त्यातला मागच्या वर्षीचा एप्रिल आणि यंदाचा एप्रिल शेजारी ठेवा, आणि मधल्या काळात घरात नवीन फ्रीज किंवा गीझर आलाय का तेवढं लक्षात घ्या.