आतड्याचा 'सिग्नेट रिंग' कर्करोग: तपासणीतल्या या चुका टाळा

शौचावाटे रक्त पडलं की आमच्या सांगली-मिरजेकडे तोंडात पहिला शब्द येतो 'मूळव्याध'. पेशंट तिशीतला असेल तर दुसरी शंकाच येत नाही. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा एक आक्रमक प्रकार तरुणांतही सापडतो. रक्ताबरोबर वजन घटतंय, शौचाची सवय बदललीय, तर मलमावर महिने घालवू नका. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करून घ्या.

सिग्नेट रिंग सेल कार्सिनोमा हे त्याचं नाव. पेशीत चिकट स्राव भरतो, केंद्रक एका कडेला ढकललं जातं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. गाठीतल्या निम्म्याहून जास्त पेशी अशा असतील तरच हे निदान लिहितात. या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. अस्तराखालून सरकतात, पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरतात. म्हणून तपासणीसाठी (बायोप्सीसाठी) घेतलेला वरवरचा तुकडा कधी कधी साफ येतो आणि घरचे निर्धास्त होतात. आतडं आखडलेलं, कडक दिसत असेल तर डॉक्टरांना खोलवरचे तुकडे पुन्हा घ्यायची विनंती करा. सीईए ही रक्तातली कर्करोगाची खूण नॉर्मल आली एवढ्यावर विसंबू नका. शरीरभर कर्करोग शोधणाऱ्या पेट स्कॅनवरही अशी गाठ फिकी दिसू शकते.

तुकडा सलाईनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये लॅबला नेऊ नका. 10 टक्के फॉर्मेलिन हवं, तेही तुकड्याच्या निदान 10 पट.

पुढची चूक पाहून जीव तुटतो. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरून लोक मुंबईला टाटाला जातात. फाइल बरोबर असते, पण तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या काचा इथल्या लॅबमध्येच. ब्लॉक नसला की तुकडा नव्याने वाचता येत नाही, जनुकीय तपासणीही अडते. निघण्याआधी लॅबमधून ते सही करून मागून घ्या. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नका, मेण मऊ पडतं.

एमएमआरच्या (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांच्या) रिपोर्टवर मोठा घोळ होतो. त्यात एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2, एमएसएच6 ही चार प्रथिनं पाहतात. 'निगेटिव्ह' वाचून लोक खूश होतात, पण इथे त्याचा अर्थ ते प्रथिन गाठीत नाही असा होतो, आणि तेच बिघाडाचं लक्षण. अशा गाठीला इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढवणारे उपचार) लागू पडू शकते, शिवाय घराण्यात लिंच सिंड्रोम (कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) आहे का हेही तपासावं लागतं. एमएलएच1 नाही आणि बीआरएएफ जनुकात व्ही600ई बदल आहे, तर आजार बहुधा आनुवंशिक नसतो. केआरएएस किंवा एनआरएएस जनुकात बदल असेल, तर सेटुक्सिमॅब हे कर्करोगाचं इंजेक्शन सहसा उपयोगी पडत नाही. म्हणून आजार पसरलेला असेल तर हे इंजेक्शन सुरू करायच्या आधी या तपासण्या हव्यात.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये लसिकाग्रंथी किती तपासल्या तो आकडा शोधा. 12 पेक्षा कमी असेल तर लॅबला लगेच फोन करा: नमुना टाकून द्यायच्या आधी काढलेल्या आतड्याभोवतीच्या चरबीत पुन्हा शोध घेता येतो.