विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील कसं करायचं, आणि त्याआधी काय करून ठेवायचं

माझ्या मावसभावाने एका कॉलेजात ॲडमिशन घेतली, थोड्याच दिवसांत दुसरीकडे नंबर लागला, आणि पहिल्या कॉलेजने ओरिजिनल कागदपत्रं अडवून धरली, पूर्ण वर्षाची फी भर आणि मग एलसी घेऊन जा म्हणे. तो तीन आठवडे ऑफिसचे खेटे घालत होता, विनवण्या करत होता, आणि माझ्याकडे आला तेव्हा हातात एक ओळीचा अर्जसुद्धा नव्हता. सगळं तोंडी. बहुतेक मुलांचं असंच होतं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, विद्यार्थी तक्रार निवारणाचे विनियम (नियमच ते) ११ एप्रिल २०२३ ला आले (त्याआधी २०१९ चे होते) आणि त्यानुसार प्रत्येक विद्यापीठाला लोकपाल, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारींवरचं अपील ऐकणारा माणूस, नेमावाच लागतो. इंग्रजी कागदांवर ओम्बड्सपर्सन असं लिहिलेलं असतं, माणूस तोच. हा निवृत्त कुलगुरू असतो, किंवा प्रोफेसर म्हणून दहा वर्षं काढलेला आणि डीन नाहीतर एचओडी (विभागप्रमुख) राहिलेला निवृत्त प्राध्यापक, किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. नेमणुकीच्या आधीचं एक वर्ष आणि पुढे पूर्ण मुदतभर त्याचे विद्यापीठाशी हितसंबंध गुंतलेले नसावेत अशी अट आहे. मुदत तीन वर्षं किंवा वयाची सत्तरी, जे आधी येईल ते. कॉलेज संलग्न असेल तर कॉलेजचा वेगळा लोकपाल शोधत बसू नका, ज्या विद्यापीठाला कॉलेज जोडलंय त्याचाच लोकपाल तुमचा.

नेटवर ओम्बड्स शोधलंत की अमेरिकन विद्यापीठांची माहिती समोर येते, तिकडे ते ऑफिस गुप्तपणे ऐकून घेतं, मार्ग सुचवतं, मध्यस्थी करतं पण निर्णय देत नाही. आपल्याकडचा लोकपाल दोन्ही बाजू ऐकून कारणांसकट आदेश काढतो, त्यामुळे तिकडचं वाचून इकडचा अर्ज लिहू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोकपालाकडे थेट जाता येत नाही. आधी संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावं लागतं, एसजीआरसी म्हणतात तिला. अध्यक्ष प्रोफेसर, सोबत चार प्राध्यापक, आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी. यांच्यात किमान एक महिला आणि किमान एक जण एससी, एसटी किंवा ओबीसी प्रवर्गातला असायलाच हवा. तक्रार संस्थेच्या ऑनलाइन पोर्टलवर टाकायची, संस्थेने ती आपल्या म्हणण्यासकट १५ दिवसांत समितीकडे पाठवायची, आणि समितीने शक्यतो १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, त्याची कॉपी तुम्हालाही मिळायला हवी. तो निर्णय पटला नाही तर हातात पडल्यापासून १५ दिवसांच्या आत लोकपालाकडे अपील. ही १५ दिवसांची मुदत पोरं हमखास घालवतात, परीक्षा चालू होती, गावाला गेलो होतो वगैरे. निर्णय मिळाला की त्याच कागदावर मिळाल्याची तारीख लिहून सही करून ठेवा, आणि मेलवर आला असेल तर तो मेल डिलीट करू नका.

पोर्टल बंद असेल, लिंकच चालत नसेल, तर त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि अर्ज दोन प्रतींत छापून आवक-जावकच्या टेबलावर न्या. एक त्यांना द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्लार्क म्हणेल ठेवून जा, बघतो. ठेवून जाऊ नका, पोच मिळेपर्यंत शांतपणे उभे राहा. मावसभावाला मी हेच करायला लावलं, अर्ज अर्ध्या पानाचा होता: अमुक तारखेला प्रवेश घेतला, अमुक तारखेला रद्द करायचा अर्ज केला, अमुक मूळ कागदपत्रं तुमच्याकडे आहेत, ती परत द्यावीत. ज्या कोर्सला आपण शिकणारच नाही त्याची फी वसूल करायला कागदपत्रं अडवणं हे त्या विनियमांत तक्रारीचं कारण म्हणून स्पष्ट लिहिलंय, तेवढंच एक वाक्य शेवटी जोडलं. लोकपालापर्यंत जायची वेळच आली नाही, समितीची तारीख लागण्याआधी ऑफिसमधून फोन आला, कागदपत्रं घेऊन जा.

याशिवाय जाहीर फीपेक्षा जास्त पैसे मागणं, माहितीपुस्तिकेत खोटी माहिती, आरक्षणाचं उल्लंघन, स्कॉलरशिप रखडवणं, निकाल किंवा परीक्षा वेळापत्रकाच्या पलीकडे लांबवणं, भेदभाव, हे सगळं यात बसतं.

मार्कांचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त अपिलं फुकट जातात. मला कमी मार्क दिले, रिचेकिंग करा, एवढंच लिहिलंत तर लोकपाल ते घेणार नाही, नियमच तसा आहे. निकालावर खरोखर परिणाम करणारी नेमकी गडबड दाखवावी लागते, किंवा भेदभावाचं नेमकं उदाहरण. म्हणजे आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा आणि पान अन् पान बघा. पुरवणीतल्या एका प्रश्नाला आत ७ मार्क दिलेत आणि मुख्य पानावरच्या तक्त्यात ते चढवलेलेच नाहीत, ते धरले असते तर तुम्ही पास झाला असतात, असं असेल तर ते पान नंबरसकट लिहा. त्याला अर्थ आहे. मी खूप छान लिहिलं होतं याला नाही.

सुनावणीला समितीपुढे स्वतः जाता येतं किंवा प्रतिनिधी पाठवता येतो. काय कधी घडलं याचा तारीखवार एक कागद करून न्या, बाकी रागाने बोलायचा मोह टाळा. लोकपालाने अपील मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रकरण मिटवायचा प्रयत्न करायचा असतो, भेदभावाची तक्रार असेल तर मदतीला जाणकार व्यक्ती घेता येते, आणि त्याच्या सहीच्या आदेशाची प्रत तुम्हाला मिळते. संस्थेने त्याच्या शिफारशी पाळायच्या असतात. नाही पाळल्या तर युजीसी अनुदान रोखू शकते, कॉलेजची संलग्नता काढायची शिफारस विद्यापीठाला करू शकते. पण हे कोर्ट नाही, तो कोणाला अटक करवू शकत नाही. आणि तक्रार खोटी किंवा उगाच केलेली निघाली तर तुमच्यावरही कारवाईची शिफारस होऊ शकते, म्हणून जे दाखवता येईल तेच लिहा.

रॅगिंग असेल तर या रांगेत थांबू नका, हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. लैंगिक छळाची तक्रार संस्थेच्या वेगळ्या अंतर्गत समितीकडे जाते, आणि मारहाण, धमकी असेल तर सरळ पोलीस स्टेशन.

आणि तुमच्या विद्यापीठाने लोकपाल नेमलाच नसेल तर? होतं असं, जून २०२४ मध्ये युजीसीने लोकपाल न नेमलेल्या १५७ विद्यापीठांची यादीच जाहीर केली होती. अशा वेळी कुलसचिवांना लेखी विचारा की लोकपाल कोण, ऑफिस कुठे, मेल आयडी काय. उत्तर नाही आलं तर त्या पत्राची पोच आणि समितीचा निर्णय जोडून युजीसीच्या ई-समाधान या तक्रारींच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार टाका, आणि तिथला डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) वहीत लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक मेलमध्ये तो सब्जेक्ट लाइनमध्येच टाकायचा.